आधी ऐकायचे, मग ऐकू येते

मराठीत 'ऐकणे' या क्रियापदाला दोन अर्थ आहेत आणि ते दोन्ही इतके रुळलेले आहेत की त्यांच्यातला फरक सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. 'पावसाचा आवाज ऐकला' या वाक्यात ऐकणे म्हणजे कानावर पडणे. पण 'पोरगं ऐकत नाही' अशी आई तक्रार करते तेव्हा त्या पोराचे कान तल्लख असतात, हे तिलाही ठाऊक असते. तिथे ऐकणे म्हणजे सांगितलेले मानणे. ख्रिस्ती भाविक जेव्हा देवाची वाणी ऐकण्याविषयी बोलतात तेव्हा बाहेरचा माणूस बहुधा पहिला अर्थ धरतो आणि त्यामुळे गोंधळात पडतो, कारण ख्रिस्ती परंपरेने या बाबतीत दुसऱ्या अर्थाला अग्रमान दिला आहे. बायबलच्या मूळ भाषांमध्येही अशीच सांगड आढळते: हिब्रूतील 'शामा' या धातूत ऐकणे आणि आज्ञा पाळणे ही दोन्ही येतात, तर ग्रीकमध्ये आज्ञापालनाला 'हुपाकोए' म्हणतात, आणि तो शब्द 'ऐकणे' या क्रियापदाला 'खाली' या अर्थाचा उपसर्ग लावून बनलेला आहे.

यातून एक जुने कोडे उभे राहते. प्रार्थना करणारा मनुष्य उत्तराची वाट पाहत बसतो आणि काही वेळाने त्याच्या मनात एक विचार उमटतो. तो विचार देवाकडून आला की स्वतःच्याच इच्छेने देवाचा वेष घेतला, हे त्याने ठरवावे कसे? या प्रश्नाला मिळणारे उत्तर प्रथमदर्शनी उलटे वाटते. आधी स्वतःला देवाच्या स्वाधीन करावे, म्हणजे समर्पण करावे, मग वाणी ओळखता येते, असे ते उत्तर आहे. नेहमीच्या व्यवहारात करारनामा वाचून मग सही करतात, आणि येथे तर कोऱ्या कागदावर सही मागितली जात आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशू जे सांगतो त्याचा आशयही हाच आहे: जो देवाच्या इच्छेप्रमाणे करायला तयार असेल त्याला शिकवण देवाची आहे की नाही ते कळेल. तयारी आधी आणि कळणे नंतर, हा क्रम का असावा आणि तो व्यवहारात कसा चालतो, हे पाहण्यासाठी पुणे जिल्ह्याबाहेर फार दूर जावे लागत नाही.

वाणी म्हणजे आवाजच असतो का?

बायबलमध्ये देवाची वाणी ऐकण्याचे जे प्रसंग आहेत त्यांतील दोन या संदर्भात नेहमी सांगितले जातात. पहिला बाल शमुवेलाचा. रात्री त्याला नावाने हाक ऐकू येते, तो उठून वृद्ध याजक एलीकडे धावतो आणि एली त्याला सांगतो की आपण हाक मारली नाही. असे तीनदा घडल्यावर एलीच्या लक्षात येते की हाक मारणारा कोण आहे, आणि पुढच्या वेळी काय उत्तर द्यायचे ते तो मुलाला शिकवतो. या कथेतील मार्मिक गोष्ट अशी की हाक स्पष्ट असूनही ती ओळखू आली नाही. शमुवेलाला तो परिचित माणसाचा आवाज वाटला आणि ओळख पटवण्यासाठी दुसऱ्या, जाणत्या माणसाची गरज लागली.

दुसरा प्रसंग एलीया या संदेष्ट्याचा. जीव वाचवून पळालेला, निराश झालेला एलीया होरेब पर्वतावरच्या गुहेत असताना आधी खडक फोडणारा वारा येतो, मग भूकंप, मग अग्नी. या तिन्हींत परमेश्वर नव्हता असे कथा सांगते. त्यानंतर जे आले त्यासाठी मूळ हिब्रूत तीन शब्द आहेत, ज्यांचा शब्दशः अर्थ आवाज, स्तब्धता आणि तलम असा होतो. तलम शांततेचा आवाज कसा असतो हे भाषांतरकारांनी आपापल्या परीने सांगितले आहे आणि कोणाचेच समाधान झालेले दिसत नाही.

बहुसंख्य ख्रिस्ती शिक्षकांच्या मते कानांनी ऐकू येणारा आवाज हा अत्यंत विरळा प्रकार आहे. त्यांच्या बोलण्यात 'देवाची वाणी' या शब्दप्रयोगाने बहुधा चार गोष्टींचा मेळ अभिप्रेत असतो: वाचलेले पवित्र शास्त्र, अंतःकरणात पवित्र आत्म्याने दिलेली प्रेरणा, भोवतालच्या परिस्थितीचे वळण, आणि मंडळीतील, म्हणजे उपासक समाजातील, अनुभवी माणसांचा सल्ला. यांपैकी एकटी कोणतीही गोष्ट पुरेशी मानली जात नाही.

कौल आणि पासंग

भोर आणि वेल्हे या मावळी तालुक्यांत (वेल्ह्याचे नामकरण अलीकडे राजगड असे झाले आहे) किंवा घाटाखालच्या कोकणात देवाचे मत जाणून घेण्याची एक रीत सर्वांना परिचित आहे, ती म्हणजे कौल लावणे. देवाच्या मूर्तीवर फुले, पाकळ्या किंवा तांदळाचे दाणे चिकटवतात, गाऱ्हाणे घालतात, आणि उजवीकडचे आधी पडले की डावीकडचे यावरून होकार वा नकार समजतात. या रीतीत प्रश्न माणसाचा असतो, उत्तराचे दोन पर्यायही माणसानेच ठरवलेले असतात, आणि देवाने त्यांतून एक निवडायचा असतो.

अशी रीत बायबललाही अनोळखी नाही. गिदोनाने लोकरीचा कातडा रात्रभर खळ्यात ठेवला आणि लोकर दवाने भिजावी, भोवतालची जमीन कोरडी राहावी, अशी खूण मागितली. ती मिळाल्यावर दुसऱ्या रात्री त्याने नेमकी उलटी खूण मागून घेतली, हे शास्ते या पुस्तकात वाचायला मिळते. येशूच्या शिष्यांनी यहूदाच्या जागी नवा प्रेषित निवडताना चिठ्ठ्या टाकल्या. परंतु चिठ्ठीची ती गोष्ट प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्या अध्यायात आहे, पवित्र आत्मा उतरल्याची दुसऱ्या अध्यायात, आणि त्यानंतर त्या पुस्तकात चिठ्ठ्यांचा उल्लेख येत नाही, याकडे भाष्यकार आवर्जून लक्ष वेधतात. गिदोनाच्या लोकरीकडेही अनुकरणीय उदाहरण म्हणून पाहण्यापेक्षा, घाबरलेल्या माणसाला दिलेली सवलत म्हणून पाहण्याकडे त्यांचा कल असतो.

समर्पणात प्रश्नही हातात ठेवायचा नसतो. हे का, ते वाण्याच्या जुन्या तराजूवरून समजते. तराजूची दोन पारडी रिकामी असतानाही एखादे खाली झुकत असेल तर त्या फरकाला पासंग म्हणतात, आणि तो दूर केल्याशिवाय कितीही शुद्ध वजने वापरली तरी माप चुकतेच. निर्णयाला बसलेल्या माणसाच्या मनात एका बाजूला असाच पासंग असतो: नोकरी बदलावी असे त्याला मनातून वाटत असेल तर शास्त्रातले प्रवासाविषयीचे प्रत्येक वचन त्याला संकेत वाटू लागते आणि घरी थांबण्याविषयीचे वचन नजरेतून निसटते. समर्पणाचे पहिले काम हा पासंग काढण्याचे आहे. ऐकण्यापूर्वी मानण्याची तयारी का मागितली जाते, याचे उत्तर येथे आहे. तयारी नसलेल्या माणसाला उत्तर मिळतच नाही असे नाही. त्याला नेहमी एकच उत्तर मिळते, त्याला हवे असलेले.

येथे एक गैरसमज टाळायला हवा. समर्पण म्हणजे इच्छा मारून टाकणे असे पुष्कळांना वाटते, पण ख्रिस्ती परंपरा ज्या प्रसंगाला समर्पणाचा नमुना मानते त्या गेथशेमाने बागेतील प्रार्थनेत येशूने आपली इच्छा लपवलेली नाही. दुःखाचा प्याला टळावा ही विनंती त्याने उघडपणे केली आणि तरीही शेवटचा शब्द पित्याचा असू दिला. भारतीय भक्तिपरंपरेत शरणागतीविषयी जो वाद झाला तोही येथे आठवतो. माकडिणीचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून राहते, मांजरीच्या पिल्लाला आईच तोंडात धरून नेते. भक्त यांपैकी कोणासारखा, यावर दक्षिणेतील वैष्णव आचार्यांमध्ये पंथ पडले. ख्रिस्ती लेखकांमध्ये दोन्ही बाजूंचे लोक आहेत, मात्र वाणी ऐकण्यासाठी रोज ठरलेल्या वेळी बसण्याचा आग्रह धरणारे सगळे, तत्त्वाने काहीही म्हणोत, व्यवहारात माकडिणीच्या पिल्लाच्या बाजूचे असतात.

ब्रिस्टलचे सूत्र, नसरापूरचे मिशन

एकोणिसाव्या शतकात ही शिकवण पद्धतशीर रूपात मांडणाऱ्यांमध्ये जॉर्ज म्युलर (1805–1898) यांचे नाव अग्रभागी येते. प्रशियात जन्मलेल्या आणि इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे स्थायिक झालेल्या म्युलर यांनी अनाथाश्रम चालवून आयुष्यात सुमारे 10,000 मुलांचा सांभाळ केला, आणि त्यासाठी कोणाकडेही पैसे मागायचे नाहीत, गरज फक्त प्रार्थनेत सांगायची, हा नियम पाळला. देवाची इच्छा कशी ओळखावी यासंबंधी त्यांनी काही पायऱ्या सांगितल्या. सुरुवात ज्या बाबीविषयी विचारायचे तिच्याबाबत मनाला स्वतःची इच्छा उरू न देण्यापासून होते, आणि दहा अडचणींपैकी नऊ याच पायरीवर सुटतात असे त्यांचे निरीक्षण होते. त्यानंतर ते जी सूचना देतात ती भावनाप्रधान वाचकाला चकित करील: निव्वळ मनात आलेल्या ठशावर किंवा भावनेवर विसंबू नये, कारण त्यात मोठ्या भ्रमाचा धोका असतो. मग शास्त्राचे वाचन, परिस्थितीचा विचार, प्रार्थना आणि शेवटी विचारपूर्वक निर्णय. तो घेतल्यावर मन शांत राहिले आणि आणखी दोनतीन वेळा प्रार्थना करूनही ती शांतता टिकली तरच पाऊल उचलायचे. या सूत्रात गूढ असे फारसे काही नाही, उलट एखाद्या सावध सराफाची शिस्त आहे.

म्युलर यांच्या आणि चीन इनलँड मिशनच्या उदाहरणावरून ज्या संस्था निघाल्या त्यांना 'फेथ मिशन' म्हणतात. अशा संस्थांमध्ये कार्यकर्त्याला पगाराची हमी नसते आणि जाहीर निधीसंकलन टाळले जाते. कोठे जायचे, काय सुरू करायचे आणि काय थांबवायचे हे प्रार्थनेतून ठरावे अशी अपेक्षा असते. चार्ल्स रीव्ह या ऑस्ट्रेलियन मिशनऱ्याने 1893 मध्ये स्थापन केलेली पूना अँड इंडियन व्हिलेज मिशन ही याच घराण्यातील संस्था, आणि पंत सचिवांच्या भोर संस्थानातील नसरापूर हे तिचे एक महत्त्वाचे ठिकाण. नावातच 'व्हिलेज' असलेल्या या मिशनने शहरातली महाविद्यालये उभारण्याऐवजी खेड्यांकडे लक्ष दिले. नसरापूरजवळच पेशवेकालीन बनेश्वराचे देऊळ आहे आणि तेथे एक पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे, जी वसईच्या मोहिमेनंतर इकडे आल्याचे सांगतात. एका देवघरात लोकांना बोलावण्यासाठी ओतलेली घंटा दुसऱ्या देवघरात तेच काम निमूटपणे करत राहिली, हा इतिहासाचा विनोद त्या मिशनऱ्यांच्या नजरेतून सुटला नसावा.

केडगावची साक्ष

म्युलर यांच्या चरित्राचा सर्वांत सखोल परिणाम महाराष्ट्रात ज्या व्यक्तीवर झाला ती म्हणजे पंडिता रमाबाई (1858–1922). आपल्या 'अ टेस्टिमनी' या 1907 मधील आत्मकथनात त्यांनी चीन इनलँड मिशन, जॉर्ज म्युलर आणि न्यू हेब्रिडीज बेटांवर काम केलेले जॉन पेटन यांच्यावरील तीन पुस्तकांचा उल्लेख केला आहे. पुराणे मुखोद्गत असलेल्या या संस्कृत पंडितेने आपल्या श्रद्धेचा प्रवास एखाद्या तपासनीसाच्या काटेकोरपणाने नोंदवला असल्यामुळे, समर्पण आणि श्रवण यांचा संबंध समजून घेण्यासाठी हे कथन विशेष उपयोगी पडते.

रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. परंतु त्यांच्या स्वतःच्या सांगण्यानुसार त्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा होता. म्हणजे बुद्धीला पटलेल्या सिद्धांतांचा स्वीकार झाला होता, पण स्वतःला सोपवून देणे झाले नव्हते. ते सुमारे आठ वर्षांनी, विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त वाचल्यानंतर घडले. हॅस्लम स्वतः धर्मगुरू म्हणून काम करत असताना, नंतर केव्हातरी, त्यांचे मन पालटले होते, आणि हा तपशील रमाबाईंना आपल्या स्थितीशी जुळणारा वाटला. एकाच माणसाच्या आयुष्यात पटणे आणि सोपवणे यांच्यामध्ये आठ वर्षांचे अंतर पडू शकते, ही गोष्ट समर्पणाला क्षणिक भावनेचा उमाळा समजणाऱ्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

पुढे लोणावळ्याच्या एका धार्मिक शिबिराला त्या आपल्या पुण्यातील संस्थेतल्या 15 मुलींना घेऊन गेल्या असता, पहाटेच्या प्रार्थनेत त्यांनी या संख्येचा वर्ग, म्हणजे 225, इतके जीव पुढच्या शिबिरापर्यंत मिळावेत अशी मागणी केली. संस्थेत तेव्हा एवढ्या मुली नव्हत्याच, त्यामुळे ही मागणी त्यांची त्यांनाच अवास्तव वाटली. परंतु त्या दिवसाच्या नेमलेल्या वाचनात परमेश्वराला काही अशक्य आहे काय असे विचारणारे यिर्मयाचे वचन आले आणि त्यांनी मागणी मागे घेतली नाही. मग मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. पूर्वी दुष्काळातच आईवडील गमावलेल्या रमाबाईंना भुकेची ओळख करून देण्याची गरज नव्हती, तरीही तिकडे जाण्याची प्रेरणा झाल्यावर त्यांनी आधी सबबी शोधल्या: हाताशी पैसा नाही, अंगात बळ नाही, हे काम दुसरे कोणी करील. अखेर 1896–97 मध्ये त्या गेल्या आणि सुमारे 300 मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे एवढी माणसे एकत्र ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली, तेव्हा संस्थेला उत्पन्न मिळावे म्हणून घेतलेली केडगावची शेतजमीन उपयोगी पडली, आणि दौंडच्या वाटेवरच्या त्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले.

या घटनाक्रमात वाणी नेमकी कोठे होती, असा प्रश्न विचारला तर एकाच जागी बोट ठेवता येत नाही. वचन एका सकाळी आले, दुष्काळ पुढे पडला, भुकेची आठवण वीसेक वर्षे जुनी होती, प्लेगचा हुकूम सरकारी होता, आणि जमीन भलत्याच हेतूने घेतलेली होती. हे सुटे धागे रमाबाईंनी एका हाकेच्या रूपात वाचले. अश्रद्ध वाचक याला योगायोगांची मागाहून केलेली गुंफण म्हणेल, आणि तसे म्हणण्याचा त्याला अधिकार आहे. पण त्यालाही हे मान्य करावे लागेल की रमाबाईंच्या इच्छेचा पासंग जाण्याच्या बाजूला नव्हता, न जाण्याच्या बाजूला होता. हाक स्वतःच्या सोयीविरुद्ध जात असेल तर ती स्वतःचीच असण्याची शक्यता कमी, हा निकष या क्षेत्रातील जुन्या जाणत्यांनी सर्वांत भरवशाचा मानला आहे.

1905 मध्ये केडगावात जे घडले त्याचे स्वरूप अगदी निराळे होते. वेल्समधील धार्मिक जागृतीच्या बातम्या आल्यावर रमाबाईंनी जानेवारीत प्रार्थनेचे गट सुरू केले. आरंभी सुमारे 70 जणी होत्या, जूनपर्यंत ही संख्या 550 च्या आसपास गेली आणि दिवसातून दोनदा प्रार्थना होऊ लागली. जूनच्या अखेरीस मुलींच्या निवासात आणि नंतर उपासनेत रडणे, पापांची कबुली, सर्वांनी एकाच वेळी मोठमोठ्याने प्रार्थना करणे, अंगात अग्नी शिरल्यासारखे वाटणे, असे प्रकार सुरू झाले. होरेबच्या गुहेबाहेर अग्नीत परमेश्वर नव्हता, आणि केडगावच्या मुली तर अग्नीचीच भाषा बोलत होत्या. कित्येक परदेशी मिशनऱ्यांना हा गलबला रुचला नाही. रमाबाईंनी मात्र 'मुक्ती प्रेअर बेल' या आपल्या पत्रातून भारतीय स्त्रियांना त्यांच्या रीतीने प्रार्थना करू द्यावी, पाश्चात्त्य शिष्टाचाराच्या फूटपट्टीने त्यांना मोजू नये, अशी भूमिका घेतली. आवाजाच्या पट्टीवरून वाणीची पारख होत नाही, तिच्यानंतर माणूस कसा वागतो यावरून होते, हे या भूमिकेमागचे सूत्र होते, आणि ते पटण्यासारखे आहे.

> चौकट: पारख कशी करतात?
> मनात आलेली प्रेरणा शास्त्राच्या एकूण शिकवणीशी विसंगत असेल तर ती कितीही तीव्र असली तरी बाजूला ठेवतात. ती घाई करते की थांबू देते हेही पाहिले जाते, कारण आताच्या आता निर्णय घ्यायला लावणारी प्रेरणा संशयास्पद मानली जाते. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात दिलेला दाखला प्रसिद्ध आहे: देवाच्या मार्गाने चाललेल्या जिवाला चांगली प्रेरणा स्पंजात थेंब मुरावा तशी हळुवार स्पर्शते, तर वाईट प्रेरणा दगडावर पाणी आदळावे तशी. शेवटी ती गोष्ट जाणत्या माणसासमोर मोकळेपणाने बोलून दाखवतात. जी कोणालाच सांगू नये असे वाटते ती प्रेरणा बहुधा टिकत नाही.

मेंदूत काय घडत असावे

मनुष्याला स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत. याचे कारण असे की हात हलवण्याचा हुकूम सोडताना मेंदू त्या हुकुमाची एक नक्कल स्वतःपाशी ठेवतो, येणारा स्पर्श आपलाच आहे हे त्याला आधीच माहीत असते आणि त्यामुळे तो स्पर्श फिका पडतो. मनातल्या मनात बोलतानाही अशीच काही व्यवस्था असावी आणि त्यामुळे आपले आंतरिक बोलणे आपल्याला आपलेच वाटत असावे, असा अनेक संशोधकांचा कयास आहे. ही खूणगाठ सैल पडली तर स्वतःचा विचार दुसऱ्या कोणाचा बोल वाटू शकतो. काही मानसिक आजारांत ऐकू येणाऱ्या आवाजांचा उलगडा या दिशेने करण्याचा प्रयत्न झाला आहे.

मग प्रार्थनेत वाणी ऐकणारे सगळे आजारी असतात काय? अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुरमन यांनी चर्चमध्ये वर्षानुवर्षे बसून, लोकांशी बोलून केलेला अभ्यास 'व्हेन गॉड टॉक्स बॅक' या नावाने 2012 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याचे उत्तर नकारार्थी आहे. निरोगी भाविकांचे असे अनुभव थोडक्या वेळाचे, क्वचित येणारे आणि बहुतेक वेळा दिलासा देणारे असतात, तर आजारातले आवाज वारंवार, दीर्घकाळ आणि त्रासदायक असतात. लुरमन यांनी एक प्रयोगही केला. काही जणांना महिनाभर रोज अर्धा तास शास्त्रातील प्रसंग मनःचक्षूंसमोर उभे करून प्रार्थना करायला सांगितले आणि काही जणांना तेवढाच वेळ व्याख्याने ऐकायला दिली. पहिल्या गटातील लोकांना मनातील प्रतिमा अधिक ठसठशीत जाणवू लागल्या. म्हणजे आतले ऐकणे हे काही अंशी सरावाचे काम आहे. त्यांनी व सहकाऱ्यांनी आजारी व्यक्तींचीही तुलना केली तेव्हा असे दिसले की अमेरिकेतील रुग्णांना ऐकू येणारे आवाज बरेचदा हिंसक होते, तर चेन्नईतील अनेक रुग्णांना नातेवाइकांचे, घरातली कामे कर म्हणून सांगणारे आवाज ऐकू येत. ऐकण्याला संस्कृतीने वळण दिलेले असते, आजारातसुद्धा.

या संशोधनाने देव बोलतो हे सिद्ध होत नाही आणि बोलत नाही हेही सिद्ध होत नाही. कान कसा तयार होतो एवढेच ते सांगते. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणाकडे निघालेल्या धनगरांच्या मेंढ्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे लवकर उमजेल. मेंढी मालकाची हाक ओळखते ती त्या हाकेत काही अलौकिक असते म्हणून नाही, तर त्या हाकेमागून ती रोज चालत आलेली असते म्हणून. योहानाच्या दहाव्या अध्यायातील मेंढपाळाच्या दृष्टांताचा सगळा भर याच गोष्टीवर आहे: मागे चालणे हीच ओळखण्याची शाळा.

समर्पण कोणापुढे?

या शिकवणीचा दुरुपयोग करणे सोपे आहे, आणि तो सर्व धर्मांत होत आला आहे. 'देवाला शरण जा' या वाक्याचे 'मला शरण जा' असे रूपांतर करायला एखाद्या उपदेशकाला वेळ लागत नाही. देवाने मला तुझ्याविषयी असे सांगितले आहे, असे तो म्हणाला की ऐकणाऱ्याची स्वतःची पारख तेथेच संपते. पैसा, लग्न, औषधोपचार सोडणे यांसारख्या बाबतींत असे निरोप येऊ लागले तर सावध व्हावे, असे जबाबदार पाळक स्वतःच सांगतात. योहानाच्या पहिल्या पत्रात प्रत्येक आत्म्यावर विश्वास न ठेवता त्याची परीक्षा करावी अशी स्पष्ट सूचना आहे, आणि ती समर्पित लोकांनाच उद्देशून लिहिलेली आहे.

या बाबतीतही रमाबाईंचे वर्तन बोलके आहे. बाप्तिस्मा घेतल्यानंतर दोनच वर्षांत, 1885 च्या सुमारास, वाँटेजच्या मठातील त्यांच्या मार्गदर्शक सिस्टर गेराल्डीन यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. त्रैक्याच्या सिद्धांताविषयीच्या त्यांच्या शंका मठाला खटकत होत्या, आणि चेल्टनहॅममध्ये त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावे याला बिशपांनी हरकत घेतली होती. चर्चच्या अधिकाऱ्यांचे निर्णय निमूटपणे मानावेत, हीच नम्रता, असे सिस्टरचे म्हणणे. रमाबाईंनी त्यावर कळवले त्याचा आशय असा की भारतातल्या पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवल्यानंतर तसेच दुसरे जू चढवून घ्यायला आपण राजी नाही. देवाने दिलेली विवेकबुद्धी कोणाकडे गहाण टाकण्यासाठी नसते. पुढे संपूर्ण समर्पणाची साक्ष देणारी हीच बाई होती. देवाच्या स्वाधीन होणे आणि माणसाचा हुकूम मानणे यांत त्यांना कोणताही सांधा दिसत नव्हता, किंबहुना पहिल्यामुळेच दुसऱ्याला नकार देण्याचे बळ त्यांना मिळाले असावे.

कवी नारायण वामन टिळक यांनी वेगळ्या वाटेने असेच केले. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या आणि अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये दीर्घकाळ काम केलेल्या टिळकांनी 1917 मध्ये मिशनची पगारी चाकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' स्थापन केला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र बसता यावे असा त्यांचा हेतू होता. दोन वर्षांतच, मे 1919 मध्ये, त्यांचे निधन झाले आणि दरबार वाढला नाही. हाक खरी असेल तर काम यशस्वी व्हायलाच हवे, असे मानणाऱ्यांना या उदाहरणाचे काय करायचे ते कळत नाही.

रमाबाईंच्या आयुष्यातील शेवटचे मोठे काम बायबलच्या मराठी भाषांतराचे होते. उपलब्ध भाषांतर संस्कृतप्रचुर असल्यामुळे केडगावच्या मुलींना आणि खेड्यांतील बायकांना ते नीट समजत नाही असे त्यांना आढळले, म्हणून उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतल्या व संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणायला घेतले. जन्मभर संस्कृतात वावरलेल्या पंडितेने संस्कृत शब्द एकेक करून वगळत जाणे, हेही एक समर्पणच म्हणावे लागेल. मुद्रणाचे काम मुक्ती सदनाच्या छापखान्यात चाले आणि तेथे खिळे जुळवणाऱ्या कित्येक जणींना अक्षरओळख त्याच आवारात झाली होती. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंचे निधन झाले तेव्हा त्यांचे भाषांतर पुरे झालेले होते.